खडकांवरचा राबता

देवगिरी एक्सप्रेसने नांदेडहून सिकंदराबादकडे निघालं की कामारेड्डीनंतर खिडकीबाहेरचा मुलूख बदलतो. काळ्या रानाची सपाटी मागे पडलेली असते आणि शेतांच्या मधोमध धोंड्यांचे ढीग दिसू लागतात. घराएवढे धोंडे, एकावर एक. काही तर एवढ्याशा टेकूवर उभे असतात की कुणी मुद्दाम रचून ठेवलेत असं वाटावं. मेडचल, बोलारम, मलकाजगिरी करत गाडी सिकंदराबादला येईपर्यंत हे ढीग विरळ होतात आणि इमारती दाट होतात. मी पहिल्यांदा या शहरात आले तेव्हा ते मलकाजगिरीपर्यंत सोबत करत असत.

मी रेल्वेच्या इंजिनिअरिंग विभागात, ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. दोन प्रकारचे कागद सतत हाताखालून जायचे. एक रेल्वेच्या जमिनीचे नकाशे: हद्दीचे दगड, सर्व्हे नंबर, शेजारची जमीन कुणाची, नाला कुठून वाहतो. दुसरे खडीचे तक्ते: कुठल्या खाणीची खडी, ६५ मिलिमीटरच्या चाळणीवर किती राहिली, ४० च्या चाळणीवर किती, घर्षणात किती झिजली. या भागात रुळाखाली पडते ती बहुतेक ग्रॅनाइटची खडी, म्हणून या दगडाशी माझी ओळख आधी तक्त्यातून झाली, डोळ्यांनी नंतर. टेकडीकडे बघून तिच्यात किती घनमीटर माल आहे हे मनात येणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पुढे शहरातले खडक वाचवणाऱ्या लोकांबरोबर काम करताना ही जाण फार उपयोगी पडली, कारण समोरचा माणूस टेकडीकडे नेमका कसा बघतो आहे हे मला न सांगता समजायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा पाषाण. तो साधारण ६.५ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे गेलं की तो संपतो आणि करडा-गुलाबी ग्रॅनाइट सुरू होतो. हैदराबाद-सिकंदराबादचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या पोटात खोलवर तो सावकाश निवला, त्याला उभ्याआडव्या भेगा पडल्या. वरचे थर झिजून तो पृष्ठभागाजवळ आला तेव्हा त्या भेगांतून पाणी शिरलं. चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी कुजले, कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटले आणि आत गोल गाभे उरले. मग आजूबाजूची माती वाहून गेली आणि ते गाभे होते तिथेच, एकमेकांवर टेकलेले, उघडे पडले. म्हणजे हे धोंडे कुणी वर चढवलेले नाहीत, त्यांच्याभोवतीची जमीन खाली गेली आहे. ही गोष्ट मी शाळकरी मुलांना पुष्कळदा सांगितली आहे आणि दर वेळी एखादं मूल हळूच धोंड्याला हात लावून बघतं.

सिकंदराबादच्या बाजूला या खडकांचं सगळ्यांत मोठं ठाणं म्हणजे मौला अली. एकसंध घुमटासारखी उघडी टेकडी, माथ्यावर दर्गा, वर जायला पायऱ्या. कुतुबशाही काळापासून लोक इथे येतात आणि रज्जबच्या महिन्यात उरूस भरतो. पायथ्याशी माहलका बाई चंदा या अठराव्या शतकातल्या उर्दू कवयित्रीची कबर आहे. जवळच ‘सेंटिनल रॉक’ नावाने ओळखला जाणारा सुळका आहे. आसपास रेल्वेची वसाहत, गृहनिर्माण मंडळाची घरं, कारखाने, आणि दगडाच्या जुन्या खाणी. काही खाणी खोल होऊन पाण्याने भरल्या आहेत, काही बुजवून त्यांवर घरं झाली आहेत.

या शहरात खडकांसाठी संघटित काम सुरू केलं ते ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ने. १९९६ ची ही संस्था. मूळच्या जर्मनीच्या आणि हैदराबादच्या झालेल्या फ्राउके क्वादर तिच्या मागे वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या. निवृत्त सनदी अधिकारी आणि शहराचे इतिहासकार नरेंद्र लूथर अध्यक्ष होते. लूथर यांनी बंजारा हिल्सवरचं आपलं घर खडक न फोडता, तो घरात सामावून बांधलं होतं. २०२१ च्या जानेवारीत ते गेले. उमा मगल यांनी २०१५ मध्ये या खडकांवर ‘अदर कोहिनूर्स’ हा माहितीपट केला. संस्थेने अर्ज केले, कोर्टकचेरी केली, चित्रकारांना खडकांपाशी नेलं. पण माझ्या मते तिचं सर्वांत मोलाचं काम एकच: महिन्यातल्या एका रविवारी लोकांना घेऊन एखाद्या खडकाळ टेकडीवर जाणं. भाषण नाही, फलक नाही. चढायचं, बघायचं, डबा खायचा, उतरायचं.

आमचा मलकाजगिरी-सैनिकपुरीकडचा लहानसा गट अशाच फेऱ्यांतून जमला. निवृत्त फौजी, शाळेतल्या दोन बाई, पक्षी ओळखणारा एक कॉलेजचा मुलगा, आणि मी. मला काम मिळालं ते नकाशाचं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या ५६-के या पत्रकातल्या जुन्या नकाशांवर उघडे खडक तपकिरी रेघांनी दाखवलेले असतात. तो नकाशा, महसुली गावनकाशा आणि उपग्रहाचं चित्र हे तीन कागद एकावर एक ठेवले की कुठे टेकडी होती, कुठे अर्धी उरली आणि कुठे फक्त नावात राहिली ते दिसतं. पहिल्या पावसाळ्यात मी हेच करत बसले. तेलुगूत टेकडीला गुट्टा म्हणतात. शहरातल्या किती तरी वस्त्यांच्या नावात गुट्टा आहे आणि जमीन मात्र ताटासारखी सपाट.

नोंदीचा कागद आम्ही साधा ठेवला. सर्व्हे नंबर, सरकारी दप्तरात जमीन कशी लिहिली आहे, खडकाची उंची आणि भेगा, पाणी साठतं का, झाडं कोणती, प्राण्यांच्या खुणा, आणि शेवटचा रकाना: इथे माणसं कशासाठी येतात. हा शेवटचा रकाना मी आग्रहाने घातला होता. फौजी काका सुरुवातीला म्हणाले, “ताई, आपल्याला प्राणी मोजायचेत, माणसं कशाला?” वर्षभरात तेच तो रकाना सर्वांत तपशिलाने भरू लागले.

या रकान्यातून जे उमटलं ते मला या सगळ्या कामाचं सार वाटतं. ज्या टेकडीवर लोकांचा राबता आहे ती उरते. मौला अलीच्या माथ्यावर दर्गा आहे. दुसरीकडे कुठे धोंड्यांच्या खोबणीत शेंदूर लावलेली देवी असते आणि आषाढात बोनालूच्या सणाला तिथे बायका डोक्यावर घट घेऊन येतात. शहराच्या पश्चिमेला खाजागुड्याच्या टेकड्यांवर दर्गा आहे, मंदिर आहे, आणि एक गुहा आहे जिथे १९५१ साली अहमदनगरच्या मेहेरबाबांनी मुक्काम केला होता. या टेकड्यांवरही यंत्रं चढली आहेत, पण दर वेळी आवाज उठवायला माणसं होती, कारण ती माणसं तिथे जात-येत होती. ज्या टेकडीवर कुणी जात नाही तिच्याकडे पडीक म्हणून बघितलं जातं आणि पडीक जमिनीचा ले-आउट व्हायला वेळ लागत नाही. कुंपण घालून, फाटक लावून जमीन सुरक्षित होते असं समजणाऱ्यांशी माझा इथेच मतभेद आहे. लष्कराच्या हद्दीत पुष्कळ खडक टिकले आहेत हे खरं. सिकंदराबाद छावणीतून त्रिमुलघेरीकडे जाताना ते दिसतात. पण तिथे पहारा आहे. पहारा नसलेल्या जमिनीला राबताच राखतो.

आणि तो राबता प्राण्यांना त्रासाचाच असतो असंही नाही. खडकांच्या भेगा म्हणजे शेकडो घरं आहेत. वरच्या कड्यावर शृंगी घुबड अंडी घालतं, काड्या-बिड्या न जमवता, नुसत्या दगडावर. भेगांमध्ये घोरपड, धामण, मुंगूस. पावसाच्या सुरुवातीला उघड्या खडकावर मोठा सरडा येऊन बसतो, नराच्या अंगावर लाल आणि काळा रंग चढलेला. साळिंदराचं काट्यासारखं पीस सापडलं की तो पक्षीवाला मुलगा दिवसभर खूश. खडकावरच्या खळग्यांत पाणी साचतं, त्यात चार आठवड्यांचं एक आयुष्य सुरू होतं आणि संपतं: बेडकांची पिल्लं, इवली निळी-जांभळी फुलं. भेगेत मयूरशिखा हे पंख्याच्या आकाराचं नेचं उन्हाळाभर वाळून पडतं आणि पहिल्या सरीला उघडतं. सीताफळ तर इथलंच वाटावं इतकं रुळलंय. मातीचा मूठभर गाळ असला तरी ते धोंड्यांमध्ये रुजतं, आणि ऑक्टोबरात आसपासच्या बायका टोपल्या भरून विकायला नेतात. नीलपंख हा तेलंगणाचा राज्यपक्षी. दसऱ्याला त्याचं दर्शन घ्यायची इथे रीत आहे. खडकाच्या टोकावर बसलेला नीलपंख दाखवला की टेकडीशी कधी संबंध न आलेला माणूसही मान वर करून थांबतो.

पाण्याचं सांगायला हवं. या शहरातले तलाव, म्हणजे चेरुवू, निसर्गाने दिलेले नाहीत. दोन खडकाळ टेकड्यांमधल्या घळीला बांध घालून ते केलेले आहेत. गोळकोंड्याला पाणी पुरवणारा दुर्गम चेरुवू तसाच, कापऱ्यासारखे आमच्याकडचे गावतलावही पावसाचं वाहतं पाणी अडवणारेच. खडकावरून पाणी घरंगळतं, भेगांतून मुरतं, उरलेलं तलावात उतरतं. बांधकामाचे नियम तलावाच्या पूर्ण पातळीपासून अंतर राखायला सांगतात: १० हेक्टर आणि त्याहून मोठ्या तलावाभोवती ३० मीटर, लहान तलावाभोवती ९ मीटर. पण ज्या टेकडीवरून ते पाणी येतं तिला कुठलंच अंतर नाही. टेकडी फोडून तिचा चुरा खालच्या नाल्यात ढकलला जातो, आणि दोन पावसाळ्यांत तलावाच्या तोंडाशी सांडपाण्याशिवाय काही येत नाही. तलावांसाठी काम करणारे लोक या शहरात पुष्कळ आहेत आणि जिद्दीचे आहेत. त्यांना माझं सांगणं नेहमी हेच की नकाशा टेकडीच्या माथ्यापासून वाचा.

आता दगड फोडणाऱ्यांविषयी. तेलंगणात त्यांना वड्डेर म्हणतात, आपल्याकडचे वडार तेच. मौला अलीच्या मागच्या एका जुन्या खाणीत सुतकी-छिन्नीने दगड घडवणारी एक बाई मला एकदा म्हणाली, “अम्मा, माझ्या सासऱ्याने या डोंगरावर जन्म काढला, तरी डोंगर होता. मशीन आली आणि एका उन्हाळ्यात तो गेला, त्याच्याबरोबर आमचं कामही.” खडक वाचवायचे म्हणजे या लोकांच्या पोटावर पाय, असा आरोप आमच्यावर होतो. मी तो मानत नाही. हाताने फोडणारा माणूस दगडाची शीर बघतो, पाहिजे तेवढाच तुकडा काढतो. गोळकोंड्याच्या तटबंदीत धोंडे जागच्या जागी ठेवून भिंत त्यांच्याभोवती वळवलेली दिसते. ती याच हातांची अक्कल आहे. आजच्या शहरात टेकडी फुटते ती दगडासाठी नाही, दगडाखालच्या जागेसाठी आणि तळघरातल्या पार्किंगसाठी. सुरुंग उडतो, दगड ट्रकमधून जातो आणि वड्डेर कुटुंब पुढच्या खाणीच्या शोधात निघतं. आमच्या फेरीत त्या बाईने मुलांना दगडाची शीर कशी ओळखायची ते दाखवलं. भूगर्भशास्त्राचा इतका चांगला पाठ मी ऐकलेला नाही.

कागदाचं बळ किती आणि कुठवर, हेही याच कामात समजलं. नव्वदच्या दशकात हैदराबाद नगरविकास प्राधिकरणाच्या नियमांत वारसास्थळांसाठी १३ वा नियम आला आणि पुढे ९ खडकस्थळं वारसा म्हणून यादीत आली. मौला अलीजवळचा सेंटिनल रॉक त्यांत होता, हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला मश्रूम रॉकही. भारतात खडकांना असं संरक्षण शहराच्या नियमातून मिळणं ही मोठी गोष्ट होती आणि ती मागणी लोकांची होती. २०१५ च्या डिसेंबरात तो नियमच काढून टाकला गेला. २०१७ मध्ये राज्याचा नवा वारसा कायदा आला खरा, पण यादीतून सुटलेली जागा परत यादीत घालणं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. नियम गेल्याची बातमी आली त्या महिन्यातही रविवारची फेरी ठरल्याप्रमाणे निघाली. तिथे आलेल्यांपैकी निम्म्यांना नियमाचं काही माहीत नव्हतं. ते फक्त येत होते, आणि येणार होते. मला त्या दिवशी या लोकांचा फार आधार वाटला.

सिकंदराबादकरांनी हाच अनुभव मैदानांच्या बाबतीत घेतला. २०१७ मध्ये बायसन पोलो आणि जिमखाना या मैदानांवर नवं सचिवालय बांधायचा बेत राज्य सरकारने पुढे आणला. छावणीच्या काळापासूनची ही मोकळी जागा. पहाटे चालणारे, क्रिकेट खेळणारी मुलं, खेळाडू, निवृत्त सैनिक असे सगळे उभे राहिले, न्यायालयात गेले. अखेर सचिवालय जुन्या जागीच बांधलं गेलं आणि ३० एप्रिल २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं. मैदानं मैदानंच राहिली. त्या आंदोलनातली बरीच माणसं पहाटे एकमेकांना नुसती मान हलवून ओळख देणारी होती. रोज एकाच जागी येणाऱ्या माणसांची ओळख अडचणीच्या वेळी कशी उभी राहते हे तेव्हा दिसलं.

आणि मग २०२५ चा गुढीपाडवा. इथे उगादी म्हणतात. ३० मार्चला शहराच्या पश्चिम टोकाला कांचा गच्चीबावलीत, हैदराबाद विद्यापीठाला लागून असलेल्या ४०० एकरांवर, यंत्रं शिरली. विद्यापीठ १९७४ चं, त्याला मिळालेली जमीन २,३०० एकरांच्या आसपास. त्यातले हे ४०० एकर २००३-०४ मध्ये एका क्रीडा-कंपनीला दिले गेले, २००६ मध्ये तो व्यवहार रद्द झाला, खटला चालला, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन जमीन सरकारची ठरली. सरकारला ती उद्योगांसाठी विकसित करायची होती. दप्तरात ती जंगल नव्हती. सर्व्हे नंबर २५, सरकारी जमीन, एवढंच. जमिनीवर मात्र झाडी होती, खडक होते, तळी होती, चितळ होते, मोर होते, तारांकित कासवं होती आणि २०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांच्या नोंदी होत्या.

त्या जागेवर विद्यार्थ्यांचा राबता होता. किती तरी वर्षं पहाटे दुर्बिणी घेऊन हिंडणारी, झाडांच्या याद्या करणारी पोरं. विद्यार्थी यंत्रांपुढे उभे राहिले, धरपकड झाली, वट फाउंडेशनसारख्या संस्था उच्च न्यायालयात गेल्या. ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन काम थांबवलं. खंडपीठावर अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते, पुढच्याच महिन्यात ते सरन्यायाधीश झाले. सुट्ट्यांचे दिवस साधून इतकी घाई कशाला, असं न्यायालयाने विचारलं, आणि १६ एप्रिलला सुमारे १०० एकरांवरची तोडलेली झाडी पूर्ववत कशी करणार त्याचा आराखडा मागितला. दप्तरात काय लिहिलं आहे यापेक्षा जमिनीवर काय आहे याला वजन द्यायचं, ही दृष्टी सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९६ च्या गोदावर्मन निकालातली. जन्मभर नकाशे काढलेल्या मला तिचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही. नकाशावर कोरी सोडलेली जागा कोरी नसते.

त्या आठवड्यात मी आमच्या जुन्या वह्या काढल्या. मश्रूम रॉकच्या फेरीची नोंद होती: खडकाच्या देठाशी वाळवीचं वारूळ, सावलीत घोरपडीचा माग, तीन मुलगे गिटार घेऊन बसलेले. शेवटच्या रकान्यात कुणीतरी लिहिलं होतं, ‘परीक्षेच्या आधी इथे येतात.’ अशा ओळी न्यायालयात जात नाहीत. पण अशा ओळी लिहिणारी माणसं असतात म्हणून कुणीतरी न्यायालयात जातं.

आमच्या बाजूची लढाई इतकी मोठी नाही आणि सगळी जिंकलेलीही नाही. एका वसाहतीमागची टेकडी आमच्या डोळ्यांदेखत गेली. आमच्याकडे तिच्या नोंदी होत्या, पण तिथे रोज जाणारं कुणी नव्हतं. दुसरी एक टेकडी उरली, कारण खालच्या शाळेने आपला पर्यावरणाचा तास दर शनिवारी तिथेच घ्यायचं ठरवलं. फाटक नाही, पाटी नाही. मुलं जातात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. पुण्याच्या टेकड्यांसाठी लोक झगडताना मी वाचते, देगलूर-मुखेडकडच्या ग्रॅनाइटच्या टेकड्या खाणींत उतरताना येता-जाता बघते. तुमच्या गावाची टेकडी, गायरान, माळ जो काही असेल त्याचा सातबारा काढून ती जमीन कुणाच्या नावावर आणि कशी लिहिली आहे ते बघा. महिन्यातून एकदा दहा माणसं घेऊन तिथे जा, गुराख्यालाही बोलवा, दिसलं ते तारीख घालून लिहा. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत लोक-जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून घ्या, आणि तुमच्या टेकडीचं पान तिच्यात नसेल तर तुमच्या हाताने लिहून द्या.